मेंदूच्या दुखापतीनंतरची उभारी

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण शुद्धीवर येतो, टाके निघतात आणि काही आठवड्यांनी तो घरी परततो, तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मोठे संकट टळले. आता विश्रांती आणि सकस आहार मिळाला की माणूस पूर्ववत होईल, अशी सर्वांचीच समजूत असते. दोन-तीन महिने लोटतात. जखम भरून येते, डोक्यावर केसही उगवतात. परंतु पहाटे सर्वांआधी उठून गोठ्यात जाणारा मनुष्य आता दुपारपर्यंत खाटेवर बसून राहतो. आंघोळीला चला म्हटले तर उठतो, न म्हटले तर उठत नाही. पान वाढले तर जेवतो. कशाचीच त्याला ओढ उरलेली नसते. मग घरात कुजबुज सुरू होते, की हातपाय धड आहेत, नुसता आळस अंगी भरला आहे.

ही समजूत स्वाभाविक असली, तरी रुग्णाचे फार नुकसान करणारी आहे. ज्याला आपण आळस म्हणतो, तो पुष्कळदा त्या दुखापतीचाच एक भाग असतो.

दुखापत कोठे होते?

वाहनाच्या अपघातात वेगाने जाणारे डोके एकाएकी थांबते. पण कवटीच्या आत मऊ मेंदू क्षणभर पुढे सरकतच राहतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूस खडबडीत आहे. तेथे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग घासला जातो, ठेचकाळतो. त्याच वेळी मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे सूक्ष्म मज्जातंतू ताणले जातात, काही तुटतात. आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडलेल्या माणसाच्या बाबतीतही हेच घडू शकते. बाहेरून जखम लहान दिसली म्हणून आतील हानी लहान असेलच, असे नाही.

कपाळामागचा हा पुढचा भाग मोठ्या जबाबदारीचा आहे. काय करायचे ते ठरवणे, ठरवलेले सुरू करणे, मध्येच न सोडणे आणि चुकले तर सुधारणे, ही कामे प्रामुख्याने त्याच्याकडे असतात. त्याला इजा झाली की हातात बळ असते, काम कसे करावे हेही ठाऊक असते. पण काम सुरू होत नाही. कोणी सांगितले की तोच माणूस ते नीट पार पाडतो. घरच्यांना यात लबाडी दिसते. वास्तविक, सांगितल्यावर करणे आणि आपणहून आरंभ करणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आपल्यात काही बदल झाला आहे, याची जाणीवही काही रुग्णांना नसते. अशा माणसाला "मन घट्ट कर, जिद्द ठेव" असा उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावण्यास सांगण्यासारखे आहे.

एका सैनिकाची वही

जिद्दीचा विषय निघाला की लेव झासेत्स्की या सोव्हिएत सैनिकाची हकीकत आठवणे क्रमप्राप्त आहे. १९४३ च्या मार्चमध्ये, स्मोलेन्स्कच्या आघाडीवर, या तरुणाच्या डोक्याच्या डाव्या बाजूस मागील भागात गोळी लागली. प्राण वाचले, पण उजवीकडचे दिसेना, स्वतःच्या शरीराचा उजवा भाग जाणवेना, अक्षरे ओळखता येईनात. विद्यार्थिदशेत उत्तम गती असलेला हा तरुण मुळाक्षरांपासून पुन्हा शिकू लागला. एखादे अक्षर हवे असेल, तर वर्णमाला आरंभापासून म्हणत त्या अक्षरापर्यंत यावे लागे. पुढे उपचार करणाऱ्यांनी त्याला अक्षरांचा विचार न करता, हात न उचलता, अख्खा शब्द एकदम लिहावयास सांगितले. आणि शब्द उमटला! अक्षर आठवण्याची वाट बंद झाली होती. हाताच्या सवयीची वाट मात्र खुली राहिली होती.

त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे तो लिहीत राहिला. कधी दिवसभराच्या कष्टांनंतर जेमतेम अर्धे पान होई. लिहिलेले स्वतःला वाचताही धड येत नसे. तरीही अशी सुमारे तीन हजार पाने झाली. त्याच्यावर देखरेख ठेवणारे मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९७१ साली ही कहाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. झासेत्स्की पूर्ववत झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु रोज मेजाशी बसण्याचे एक कारण त्याच्यापाशी होते.

या हकीकतीतील एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. झासेत्स्कीच्या मेंदूचा पुढचा भाग शाबूत होता, आणि म्हणूनच त्याची इच्छाशक्ती टिकून राहिली, हे लुरियांनी आवर्जून नोंदवले आहे. ज्यांचा तोच भाग दुखावला आहे, त्यांच्याकडून झासेत्स्कीच्या चिकाटीची अपेक्षा करणे योग्य नव्हे. त्यांना ही उभारी बाहेरून, म्हणजे घरातून, दिनक्रमातून आणि हाती दिलेल्या कामातून पुरवावी लागते.

काम हाच उपचार

आपल्या नेहमीच्या अनुभवात हुरूप आधी येतो आणि काम मागाहून होते. या रुग्णांच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी काम सुरू करून द्यावयाचे; हुरूप आला तर त्यातून येतो. व्यवसायोपचार या शास्त्राचा पायाच मुळी असा आहे. या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात श्रीमती कमला निंबकर यांच्या प्रयत्नांनी सुरू झाले, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईतच हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. तथापि उपचारकाचा सहवास आठवड्यातून तास-दोन तास. उरलेला सर्व काळ रुग्ण घरीच असतो.

घरी पहिली गोष्ट म्हणजे ठरलेला दिनक्रम. उठणे, आंघोळ, फिरणे, काम, विश्रांती यांच्या वेळा रोज त्याच असाव्यात आणि त्या भिंतीवरच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवाव्यात. मोबाईल फोनचा गजरही चांगला उपयोगी पडतो. गजर ओरडतो, पण टोमणा मारत नाही! काम सांगताना "काहीतरी करा" असे म्हणून भागत नाही. "शेंगा फोडायच्या की मेथी निवडायची?" असे विचारले, तर उत्तरही सोपे होते आणि निवड त्याची स्वतःची राहते. मोठ्या कामाचे तुकडे करावेत. चहा करावयाचा झाल्यास आज केवळ पातेले आणि साखर काढून ठेवणे एवढेच. उरलेले पुढच्या आठवड्यात. स्मरणशक्ती अधू झाली असल्यास "ओळखा पाहू" असे कोडे घालू नये. चुकीचे उत्तरच मनात पक्के बसण्याचा धोका असतो, म्हणून बरोबर उत्तर आधीच सांगून ते त्याच्याकडून म्हणवून घ्यावे.

काम पूर्वायुष्याशी नाते असलेले असावे. शिंप्याला काजे करू द्यावीत, शिक्षकाला नातवंडाची वही तपासू द्यावी, शेतकऱ्याला बियाणे निवडू द्यावे. प्रौढ माणसापुढे बालवाडीतील चित्रे रंगवावयास ठेवली, तर तो ती बाजूला सारतो, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही. वहीत तारीखवार नोंद ठेवावी. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पुढे ती इतकी संथ होते की रोज पाहणाऱ्याला दिसतच नाही. परंतु ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. तीन महिन्यांपूर्वीचे पान समोर धरले की रुग्णालाही ते पटते.

अति तेथे माती

उत्साहाच्या भरात दुसरे टोकही गाठले जाते. दुखावलेला मेंदू लवकर थकतो, आणि हा थकवा अंगमेहनतीपेक्षा गोंगाट, गर्दी आणि एकाच वेळी चालणाऱ्या दोन-तीन गोष्टींनी अधिक येतो. समाचाराला आलेली मंडळी, चालू असलेला दूरदर्शन संच आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या हाका यांत तासभर काढलेला रुग्ण दुसरा दिवस झोपून काढतो किंवा एकाएकी चिडतो. म्हणून दमल्यावर थांबण्याऐवजी दमण्यापूर्वीच थांबावे.

याउलट अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. डोक्याला सौम्य हादरा बसला असल्यास एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवणे, हेच आज हितावह मानले जाते. दुखापत गंभीर असल्यास ही मर्यादा डॉक्टरांनीच ठरवावी.

काही बाबतींत तडजोड नसावी. झटके येण्याचा संभव असल्याने डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत वाहन, कडबाकुट्टी, मळणीयंत्र, शिडी आणि विहिरीचा काठ वर्ज्य. मद्य तर पूर्णतः वर्ज्य. झटक्यांवरील गोळ्या परस्पर बंद करू नयेत. सुस्ती, डोकेदुखी किंवा उलट्या वाढत चालल्या, तर दिनक्रमाच्या गोष्टी बाजूस ठेवून रुग्णालय गाठावे. कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त, विशेषतः वृद्धांमध्ये, काही आठवड्यांनीही लक्षणे दाखवते. सतत खिन्नता, रडू येणे, जगणे नकोसे झाल्याची भाषा हे सारे औदासीन्याचे लक्षण असून त्यावर उपचार आहेत. शासनाच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. रुग्णाची सेवा करणाऱ्या पत्नीने किंवा आईनेही या क्रमांकाचा उपयोग करावा. तिच्या थकव्याची वहीत कोणी नोंद ठेवत नाही.

नोकरी आणि कायदा

कामावर परतण्याचा प्रश्न बहुतेकांना सर्वांत अधिक छळतो. पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ रुजू झालेला कर्मचारी महिनाभरात हरून घरी बसतो, त्यापेक्षा दोन तासांपासून आरंभ करून तास वाढवत जाणे बरे. शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्यांना या बाबतीत कायद्याचे संरक्षण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० अन्वये, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. पूर्वीचे पद झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत व सेवालाभांत दुसऱ्या पदावर बदली करावी लागते. तसे पद नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्यास अधिसंख्य पदावर ठेवता येते. पुष्कळ कुटुंबांना याची माहिती नसते आणि घाईने राजीनामा लिहून दिला जातो. राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी, मागे राहिलेली अडचण चालण्याची, बोलण्याची, की मनोव्यापारांची आहे, याची जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी व दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.