प्रश्नोत्तराचा तास आणि वऱ्हाडचें आरोग्य

विधिमंडळाचें काम काय, असें कोणास विचारलें तर बहुधा 'कायदे करणें' असें उत्तर मिळतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आपण निवडून दिलेल्या सभासदाच्या हातीं दुसरें एक साधन असतें, आणि सामान्य गृहस्थाच्या दृष्टीनें तेंच अधिक निकटचें होय. तें म्हणजे सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार. दवाखान्यांत डॉक्टर कां नाहीं, नळाला पाणी कां येत नाहीं, मंजूर झालेल्या रस्त्यावर खडी कां पडली नाहीं, हें मंत्र्यास भर सभागृहांत विचारतां येतें. आज या अधिकाराची रीत सांगावयाची आहे. उदाहरणें अमरावती व अकोला या जिल्ह्यांतलीं घेणार आहें. अमरावतीचे आठ व अकोल्याचे पांच, असे तेरा आमदार या दोन जिल्ह्यांतून विधानसभेवर जातात.

सभागृहाचें कामकाज सामान्यतः प्रश्नोत्तरांनीं सुरू होतें आणि पहिला तास त्यांस दिलेला असतो. ज्या प्रश्नावर तारा छापलेला असतो तो तारांकित. त्याचें उत्तर मंत्री तोंडीं देतो, व त्यावर सभासदांना उपप्रश्न विचारतां येतात. अतारांकित प्रश्नास लेखी उत्तर मिळतें आणि तेथेंच तें प्रकरण संपतें. तातडीच्या गोष्टीसाठीं अल्पसूचना प्रश्न व लक्षवेधी सूचना अशा वाटा आहेत. उत्तरानें समाधान झालें नाहीं तर अर्धा तास चर्चा मागतां येते. न्यायालयापुढें असलेल्या बाबीवर प्रश्न विचारतां येत नाहीं, त्यांत विशेषणें व अनुमानें चालत नाहींत, आणि तो स्वीकारावा कीं नाहीं हें अध्यक्ष ठरवितात.

आतां प्रश्न लिहिण्याची धाटणी पहा. महाराष्ट्र विधिमंडळाच्या यादींतला प्रश्न क्रमांक घातलेल्या तुकड्यांचा असतो. मासल्यादाखल मी एक रचतों. अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्याचें पद अमुक महिन्यापासून रिक्त आहे, हें खरें आहे काय; असल्यास, त्यामुळें रुग्णांची गैरसोय होत आहे, हें खरें आहे काय; असल्यास, याबाबत शासनानें चौकशी केली आहे काय; चौकशींत काय आढळून आलें व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यांत येत आहे; नसल्यास, विलंबाचीं कारणें काय आहेत?

उत्तरही त्याच क्रमानें येतें. पहिल्या तुकड्यास 'हें अंशतः खरें आहे', दुसऱ्यास 'हें खरें नाहीं', आणि शेवटच्या दोहोंस 'प्रश्न उद्भवत नाहीं'. नवख्या वाचकास हें उद्धट वाटेल. पण त्यांत उद्धटपणा नाहीं, तर्कशास्त्र आहे. 'असल्यास' या शब्दावर सगळी सांखळी टांगलेली असते. वरची कडी नाकारली कीं खालच्या आपोआप गळतात. म्हणून प्रश्नाचें पहिलें वाक्य ढिलें असेल तर पुढचीं चार फुकट जातात. आणि अंशतः खरें म्हणजे कोणता अंश खरा, हें काढून घेणें उपप्रश्नाचें काम. पद रिक्त होतें, पण शेजारच्या केंद्रांतील डॉक्टरास आठवड्यांतून दोन दिवस तेथें जाण्याचा हुकूम होता, एवढ्यानेंही उत्तर 'अंशतः' होतें. ते दोन दिवस डॉक्टर खरोखर गेला काय, हें ज्या सभासदास ठाऊक असतें त्याच्यापुढें मंत्र्याला कागद चाळावे लागतात.

हा अधिकार आपणांस एकदम मिळाला नाहीं. १८९२ च्या कायद्यानें कौन्सिलांतील सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण उत्तरावर चर्चा करावयाची नाहीं, असा निर्बंध होता. १९०९ च्या सुधारणांनंतर उपप्रश्नाची सवलत आली, तीही ज्यानें मूळ प्रश्न विचारला त्यालाच. इतर सभासदांना ती १९१९ च्या सुधारणांनंतर मिळाली. त्याच सुधारणांनीं प्रांतांतील सार्वजनिक आरोग्य हें खातें लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे आलें. थैली मात्र दुसऱ्याच्या हातीं राहिली. मंत्र्यानें दवाखाना काढण्याचें मान्य करावें आणि अर्थखात्यानें पैसे नाहींत म्हणावें, असा तो संसार होता.

वऱ्हाडची गोष्ट तर आणखी विलक्षण. वऱ्हाड कायद्यानें निजामाचा मुलूख. इंग्रजांनीं तो १८५३ पासून ताब्यांत घेतलेला व १९०२ च्या करारानें कायमच्या पट्ट्यानें ठेवलेला. त्यामुळें मध्यप्रांताच्या कौन्सिलावर वऱ्हाडचे मतदार जे सभासद निवडीत, ते कागदोपत्रीं निवडून आलेले मानतां येत नसत. निवडणूक झाल्यावर सरकार त्यांची नेमणूक करी. मतें लोकांचीं आणि नियुक्ति सरकारची! तरी त्याच बाकांवरून वऱ्हाडचे लोक बोलत. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ सालीं अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले, आणि १९३० सालीं प्रांतिक कौन्सिलावर येऊन मंत्री झाले. विहिरी, शाळा व दवाखाने यांच्या तक्रारी जेथून निघतात ती जागा आणि जेथें त्यांना उत्तर द्यावें लागतें ती जागा, अशा दोन्ही त्यांनीं पाहिल्या होत्या.

आतां मेळघाटाकडे वळतों. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेचे धारणी व चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. सातपुड्याचा हा डोंगराळ मुलूख असून वस्ती मुख्यतः कोरकू लोकांची आहे. धारणीहून अमरावतीचें जिल्हा रुग्णालय, ज्यास लोक इर्विन या जुन्या नांवानेंच ओळखतात, सुमारें दीडशें किलोमीटर पडतें. वाट घाटाची व जंगलाची. १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतील ३३ ठिकाणीं प्रथम सुरू केली, त्यांत धारणी होतें. म्हणजे अंगणवाडी जेथें सर्वांआधीं पोंचली त्या थोड्या जागांपैकीं ही एक. तरीही १९९३ सालीं बालमृत्यूंमुळें मेळघाटाचें नांव देशभरच्या वृत्तपत्रांत आलें आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें. पुढें १९९५ सालीं नवसंजीवन योजना निघाली, २००५ सालीं राजमाता जिजाऊ मिशन निघालें. आणि अधिवेशनामागून अधिवेशनांत मेळघाटाचा प्रश्न यादींत येत राहिला.

तो कसा येतो आणि कसा परततो, हें समजून घेण्याजोगें आहे. 'मेळघाटांत कुपोषणामुळें अमुक बालकें मृत्यु पावलीं, हें खरें आहे काय?' असा प्रश्न असला कीं 'हें खरें नाहीं' हें उत्तर जवळजवळ ठरलेलें. लबाडीचा प्रश्न येथें गौण आहे. मृत्यूच्या नोंदींत कारण म्हणून न्यूमोनिया असतो, अतिसार असतो, जन्मतः कमी वजन असतें. कुपोषण त्या रकान्यांत क्वचितच येतें. अशक्त मूल साध्या तापानेंही दगावतें. पण कागदावर तापच राहतो. हेंच जर निराळ्या शब्दांत विचारलें, अमुक महिन्यांत सहा वर्षांखालील किती बालकें दगावलीं, त्यांपैकीं तीव्र कुपोषित म्हणून अंगणवाडींत कितींची नोंद होती, मृत्यु घरीं किती झाले व रुग्णालयांत किती, तर 'खरें नाहीं' म्हणण्यास जागा उरत नाहीं. आंकडाच द्यावा लागतो. अर्थात् तो आंकडा तरी पुरा असतोच असें नाहीं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील बालमृत्यु मूल्यमापन समितीनें २००४ सालीं राज्यापुढें हेंच मांडलें, कीं सरकारी नोंदींत येणारे बालमृत्यु प्रत्यक्षाहून पुष्कळ कमी असतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रश्न एका मंत्र्यास विचारावा लागतो, आणि कोरकू बालकाचा मृत्यु एका खात्याचा नसतो. अंगणवाडी व पोषण आहार महिला व बालविकासाचा. लस व औषध सार्वजनिक आरोग्याचें. पण प्राथमिक आरोग्य केंद्र चालविते जिल्हा परिषद. आश्रमशाळा आदिवासी विकासाची. पावसाळ्यांत तुटणारा रस्ता सार्वजनिक बांधकामाचा, आणि तो रुंद करावयाचा तर वनखात्याची परवानगी हवी, कारण १९७४ पासून तेथें व्याघ्रप्रकल्प आहे. प्रत्येक मंत्री आपल्या वांट्याचें उत्तर प्रामाणिकपणें देऊं शकतो, आणि सर्व उत्तरें एकत्र केलीं तरी मूल कां गेलें हें कळत नाहीं.

लोकसंख्येचें मानकही येथें आड येतें. सपाट प्रदेशांत ३०,००० लोकांमागें एक आरोग्य केंद्र व ५,००० मागें एक उपकेंद्र. डोंगराळ व आदिवासी भागांत हेंच प्रमाण २०,००० व ३,०००. सवलत दिसते खरी. पण विरळ वस्तीच्या डोंगरांत ३,००० लोक गोळा करावयाचे तर किती पाडे आणि किती नाले ओलांडावे लागतील! 'मानकानुसार केंद्रें आहेत' हें उत्तर म्हणून बरोबर असतें, आणि बाळंतीण तरी वाटेंतच अडते. बैरागड येथें डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्यानें वर्षानुवर्षें राहून रुग्णसेवा केली व २०१९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयीं आदर सर्वांनाच आहे; परंतु एका दांपत्याच्या निष्ठेनें सरकारचीं पदें भरलीं जात नाहींत.

सरकारच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईस किंवा नागपुरास विचारलेला प्रश्न मंत्रालयांतून अकोल्याच्या आरोग्य उपसंचालकांकडे येतो, कारण महसुली विभागाचें ठाणें अमरावती असलें तरी आरोग्याचें मंडळ अकोल्यास आहे. तेथून तो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, मग तालुक्याकडे, आणि शेवटीं त्याच डॉक्टराच्या टेबलावर, जो बाहेर रांग लावून बसलेल्या रोग्यांना तपासीत असतो. माहिती 'आजच' पाहिजे असते. मग मागच्या अधिवेशनाचें उत्तर काढून त्यांत तारखा बदलण्याचा मोह होतो, आणि तो नेहमीं आंवरला जातो असें मला वाटत नाहीं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याची कथा अशीच. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूच्या शेंकडों गांवांत भूगर्भांतील पाणी खारट आहे. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी तेथून सतत येतात. प्रश्न आरोग्यमंत्र्यास विचारावा तर ते तपासणी शिबिरें व डायलिसिसची सोय सांगतात. पाणीपुरवठामंत्र्यास विचारावा तर ते वान धरणावरील ८४ खेड्यांसारख्या योजना सांगतात. नळाचें पाणी किती दिवसांआड येतें आणि मधल्या दिवसांत लोक काय पितात, हें मात्र कोणत्याच खात्याच्या तक्त्यांत नसतें. सभासदानें तें गांवांत जाऊनच विचारावें लागतें.

मागासलेपणाची मोजदाद हा या प्रश्नांचा आणखी एक आधार. १९८३ सालीं नेमलेल्या दांडेकर समितीनें रस्ते, पाटबंधारे, पाणीपुरवठा, आरोग्य अशा क्षेत्रांचा जिल्हावार अनुशेष मोजला. एकूण आंकडा सुमारें ३,१८७ कोटी रुपये आणि त्यांत विदर्भाचा वांटा सुमारें ३९ टक्के. तेव्हांपासून 'अनुशेष' हा शब्द वऱ्हाडांतल्या प्रत्येक सभासदाच्या जिभेवर आहे. पण शब्द उच्चारणें वेगळें आणि आंकडे लावून धरणें वेगळें. प्रा. बी. टी. देशमुख हे अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघांतून १९८० पासून तीस वर्षें विधान परिषदेवर होते. सरकारचेच कागद सरकारपुढें ठेवून अनुशेषावर बोलण्याचा त्यांचा परिपाठ होता. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालीं झालें. विभागाचें ठाणें असलेल्या अमरावतीस त्यासाठीं २०२४ साल उजाडावें लागलें.

मंत्र्यानें 'तीन महिन्यांत पद भरूं' असें म्हटलें कीं तें हवेंत विरत नाहीं. विधिमंडळाची आश्वासन समिति असते. सभागृहांत दिलेलीं आश्वासनें उतरवून घेऊन तीं पुरीं झालीं कीं नाहीं हें ती पाहते. वृत्तपत्रें प्रश्नोत्तराच्या तासांतील गोंधळ छापतात, या समितीचे अहवाल क्वचितच छापतात. माझ्या मतें उलट असावयास हवें होतें. गोंधळामुळें तहकूब झालेला तास परत मिळत नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत कोविडच्या सांथीमुळें संसदेच्या अधिवेशनांतून प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता. अतारांकित प्रश्नांचीं लेखी उत्तरें तेवढीं मिळालीं. पांच महिन्यांनीं, फेब्रुवारी २०२१ मध्यें, अमरावती व अकोल्यांत रुग्ण झपाट्यानें वाढले आणि अमरावतींत पुन्हा टाळेबंदी लागली. प्राणवायूच्या खाटा किती, हें तोंडीं विचारून उपप्रश्नानें पडताळण्याची गरज ज्या वर्षीं सर्वांत अधिक, त्याच वर्षीं ती सोय आंखडली होती.

श्रोत्यांपैकीं कोणास आपल्या आमदाराकडे असा विषय द्यावयाचा असेल तर लांबलचक निवेदनापेक्षां एक पोस्टकार्ड पुरतें. गांव व केंद्राचें नांव, कोणतें पद, कोणत्या तारखेपासून रिक्त, औषध नसल्यास कोणतें नव्हतें आणि कोणत्या दिवशीं, एवढें त्यावर असावें. दवाखाना जिल्हा परिषदेचा, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारींतला कीं वैद्यकीय महाविद्यालयाचा, हें अवश्य लिहावें; नाहींतर 'ही बाब या विभागाशीं संबंधित नाहीं' असें उत्तर घेऊन प्रश्न परत येतो. आणि हें अधिवेशनाच्या पुष्कळ आधीं पोंचलें पाहिजे. नागपूरचें हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरांत भरतें, पण प्रश्न त्याच्या कितीतरी आधीं द्यावे लागतात.