जिना ऐकणारी मुलं

दारू पिणाऱ्याच्या घरातलं मूल घड्याळ वाचायच्या आधी जिना ऐकायला शिकतं. लालबाग-परळच्या चाळींचे जिने लाकडी. पाऊल कसं पडतंय, कुठे अडखळतंय, यावरून ताट वाढायचं की झोपेचं सोंग घ्यायचं, हे आम्हाला कळायचं. 'आम्हाला' म्हणतो, कारण माझे अब्बा गिरणीत साचेखात्यात होते, आणि प्यायचे. आमच्यात दारू हराम, त्यामुळे तिच्याविषयी बोलणंही जणू हरामच. 'तब्येत बरी नाही,' एवढंच अम्मी शेजारच्या काकूंना सांगे. काकूंच्या नवऱ्याची तब्येतही नेमकी पगाराच्याच दिवशी बिघडायची!

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाने माणसं दारूला लागली, असं आजही सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर बायका उभ्या राहायच्या, त्या संपाच्या कितीतरी आधीपासून. संपात दारू राहिली, पगार गेला.

गिरण्यांच्या जागी टॉवर आले. ती मुलं पन्नाशीला टेकली, पण कान अजून जिन्याकडेच. साहेबाचा आवाज चढला की वाटतं, आपलंच काही चुकलं. बायको जरा गप्प बसली की छातीत धडधड. साऱ्या जगाच्या मदतीला धावायचं, पण स्वतःसाठी काही मागताना जीभ उचलत नाही. हा स्वभावदोष नव्हे. लहानपणी ज्या सावधपणाने सांभाळलं, तोच गरज संपल्यावरही शरीरात जागा राहतो, एवढंच. १९९८मध्ये फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी बालपणीच्या आघातांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं बहुतेक सुस्थितीतली, विमा असलेली. तरीही त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लहानपणी घरात कुणाला तरी दारूचं किंवा अमली पदार्थांचं व्यसन होतं. आणि असे आघात जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्याचं, व्यसनाचं, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त दिसलं.

मग यातून बरं व्हायचं कसं? वर्गात पहिला आलो तर अब्बा सोडतील, असा हिशेब मी सातवीत मांडला होता. आलो दुसरा, म्हणून ते पितात, असं वर्षभर वाटत राहिलं. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची 'अल-अनॉन' ही संघटना १९५१मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिचे गट मुंबईतही आहेत. त्यांची शिकवण या हिशेबावरच बोट ठेवते : ही दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, ती तुमच्या आवरण्याने आवरणार नाही आणि तुमच्या हातून बरीही होणार नाही. पिणारा सुधारो, न सुधारो, हयात असो वा नसो, आपलं बरं होणं त्याच्यासाठी थांबत नाही.

श्रोतेहो, या गटांत आडनाव विचारत नाहीत, सल्ला देत नाहीत. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. आयुष्यभर 'तब्येत बरी नाही' म्हणत आलेल्या माणसाला 'माझे वडील दारू प्यायचे' हे चार शब्द मोठ्याने म्हणणं किती जड जातं, ते तिथे कळतं.

राग येतो, तोही येऊ द्यावा. 'गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' हे मयतीच्या घरी ठीक. शुद्धीत असताना माझ्या अब्बांइतका मायाळू माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांची भीतीही तितकीच वाटायची, दोन्ही खरं. माफ करणं ज्याला जमेल त्याने करावं. उपचाराची ती अट नाही.

झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र नुसत्या गटावर भागवू नये. परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि बोलणारा स्वतः पिणारा असायला हवा असं नाही.