ठमीची वाटी केवढी?

आमच्या घरात ठमीला खायला घालणारी माणसं चार. भिंतीपलीकडच्या काकू धरल्या तर पाच. आणि गंमत अशी, की प्रत्येकाला वाटायचं, बिचारीची काळजी घेणारे आपण एकटेच! सकाळी दूध तापलं की सासूबाई कपभर दूध तिच्या वाटीत ओतायच्या. डबे भरून झाले की मी उरलेली पोळी कुस्करून घालायची. शाळेतून आल्यावर लेक स्वतःच्या चार बिस्किटांबरोबर तिलाही चार द्यायचा. रात्री ह्यांच्या ताटाशेजारी बसून ती अशा काही नजरेनं बघायची, की बांगड्याचा मधला तुकडा आपोआप खाली यायचा. एवढं होऊन बाईसाहेब काकूंच्या दारात जाऊन केविलवाणं ओरडायच्या. ‘‘अहो, तुमच्याकडे हिला कुणी घालतं की नाही?’’ असं काकूंनी मला एकदा विचारलंसुद्धा.

ठमीला घालत होतं कोण आणि किती, हे वाण्याच्या काट्यावर कळलं. पिशवीत बसवून तिला नेलं, तर काटा दाखवतो सहा किलो सातशे! आपल्याकडच्या साध्या घरगुती मांजराचं वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असतं. म्हणजे ही एक नव्हे, जवळजवळ दीड ठमी.

डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवला, तो ऐकून मी गारच पडले. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. म्हशीच्या एक कप दुधातच दीडशेच्या आसपास जातात. एका पोळीच्या शंभर, चार बिस्किटांच्या ऐंशी-नव्वद. म्हणजे बांगडा आणि काकू यायच्या आधीच ठमीचं दीड दिवसाचं जेवण झालेलं असायचं. कपभर दूध आपल्याला काहीच वाटत नाही हो, पण तिच्या अंगाच्या मानानं बघा. आपल्यापैकी कुणी सकाळी उठून दोन-अडीच लिटर दूध पिईल का?

आणि दुधाचं म्हणाल, तर आपण पिढ्यान् पिढ्या एक गैरसमज सांभाळलाय. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण मोठ्या मांजराला ते पचतंच असं नाही. पिल्लाच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस असतो. आईचं दूध सुटलं की तो कमी कमी होत जातो. म्हणून बऱ्याच मांजरांना दुधानं पातळ शी होते. कुणाला पचत असेल तर चमचाभर द्या, पण लाड म्हणून, जेवण म्हणून नाही.

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, आमच्या वाड्यात सात मांजरं होती. दूधभातावर वाढली सगळी. एकीला तरी काही झालं का?’’ प्रश्न बरोबर होता. मी तो तसाच डॉक्टरांना विचारला. ते हसले. म्हणाले, ‘‘ताई, वाड्यातली मांजरं दूधभात खायची ती वरकड म्हणून. त्यांचं खरं जेवण धान्याच्या कोठीत आणि माळ्यावर असायचं.’’

हे मात्र मला एकदम पटलं. एका उंदरात साधारण तीसेक कॅलरी असतात. म्हणजे स्वतःच्या जिवावर जगणारं मांजर दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा थोडं थोडं खातं. त्याचं पोटच तसं घडलंय, छोटं आणि पुन्हा पुन्हा भरायचं. शिवाय मांजर हे पक्कं मांसाहारी जनावर. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळावं लागतं; कुत्र्याचं शरीर ते बरंचसं स्वतः बनवतं, मांजराचं जेमतेम. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळं होतं, हे १९७५ मध्ये कळलं. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं, की मांजरांचं हृदय कमकुवत होऊन फुगतं त्यामागेही हेच कारण असतं. तेव्हा तर पाकिटातल्या तयार खाण्यातसुद्धा ते पुरेसं नसायचं. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं.

आता वाडे गेले, कोठ्या गेल्या. फ्लॅटच्या दाराला जाळी, खिडकीला जाळी. आपली मनी उंदीर आणणार कुठून? तिला जे काही मिळायचं ते त्या वाटीतूनच. त्यामुळे वाड्यातला दूधभात फ्लॅटमध्ये चालत नाही. शाकाहारी घरांत इथेच पंचाईत होते, मला कल्पना आहे. माझ्या एका मैत्रिणीकडे अंडंही चालत नाही आणि मांजर मात्र जीव की प्राण! तिनं शेवटी मधला मार्ग काढला. घरात काही शिजवायचं नाही, पण मांजरांसाठीचं कोरडं तयार खाणं डब्यात भरून बाहेर गॅलरीत ठेवायचं. त्यात टॉरिन घातलेलं असतं. पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं बघून घ्या. कुत्र्याचं खाणं स्वस्त पडतं म्हणून मांजराला घालू नका, ते त्याच्यासाठी नाहीच.

किती घालायचं? कोरडं खाणं असेल तर चार किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम. एकदा काट्यावर मोजा, मग घरातल्या एका ठरावीक वाटीला खूण करून ठेवा. शंभर ग्रॅममध्ये किती कॅलरी ते पाकिटावर असतं, त्याप्रमाणे थोडं मागेपुढे. घरचं द्यायचं असेल तर मीठ-मसाला न घालता उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन दीडशे ग्रॅमपर्यंत पुरतं, आणि ज्या पाण्यात उकडलं ते ओतून देऊ नका. टॉरिन त्या पाण्यात उतरतं. तेच पाणी कोमट करून चिकनवर घाला. पण नुसत्या चिकनवर बारा महिने काढता येत नाहीत, त्यात कॅल्शियम फारच कमी. त्यामुळे आमच्याकडे अर्धं पाकिटातलं, अर्धं घरचं असं चालतं. निव्वळ घरचंच द्यायचं असेल तर वर कुठली पावडर घालायची ते डॉक्टरांना विचारा. कलेजी मांजरं वेड्यासारखी खातात, पण आठवड्यातून एखाद-दोन वेळा छोटासा तुकडा पुरे. रोज दिली तर अ जीवनसत्त्व अती होऊन हाडं धरतात.

आणि आपल्या ताटातली आमटी, रस्सा, भाजी नकोच. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विष आहे, शिजवलेला असो की कच्चा. शिजवलेलं हाड तडकून घशात अडकतं. सुकट-बोंबलात मीठ फार.

किती वेळा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आईचं दूध सुटलेल्या पिल्लाला चौथ्या महिन्यापर्यंत दिवसातून चारदा, सहाव्यापर्यंत तीनदा, आणि वर्षाचं झालं की दोनदा. पण दिवसाचं ठरलेलं खाणं तीन-चार भागांत विभागून दिलंत तर त्याच्या मूळ सवयीला ते जास्त मानवतं. शेवटचा भाग रात्री आपण झोपायच्या वेळी द्या. पहाटे चारला तोंडावर पंजा मारून उठवणं बंद होतं, हा माझा अनुभव! गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरीला मात्र वाटी-माप काही नाही. पाजताना तिला दुपटी-तिपटीनं लागतं, मागेल तेव्हा द्या. ऑपरेशन झालेल्या मांजराची गत उलटी, त्याची गरज घटते आणि भूक वाढते. आमच्या ठमीचं तेच झालं होतं. ऑपरेशनला वर्ष झालं, वाटी तीच राहिली, आणि वर बिस्किटं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही पोटात कालवतं.

काट्यावरचा आकडा बघून आल्यावर मी दुसऱ्याच दिवसापासून कडक झाले. दूध बंद, पोळी बंद, काकूंना हात जोडून सांगितलं. नवीन पाकीट आणलं आणि त्यातलं मोजून वाटीत घातलं. ठमीनं वास घेतला आणि पाठ फिरवली. मी म्हटलं, नखरे आहेत, भूक लागली की खाईल मुकाट्यानं. अंगावर एवढी चरबी आहे, दोन दिवस उपास घडला तर बरंच. डॉक्टरांनी ‘हळूहळू’ म्हटलं होतं, ते मी कानाआड केलं. सासूबाई रोज म्हणायच्या, ‘‘अगं, खात नाही ती. काहीतरी चुकतंय.’’ मी त्यांनाच गप्प केलं. पाचव्या दिवशी लेकानं हाक मारली, ‘‘आई, ठमीचे कान आतून पिवळे झालेत.’’

कावीळ! लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिलं, तर अंगावरची चरबी भराभर यकृताकडे धावते आणि यकृत त्या चरबीनंच भरून जातं. मग मांजराला मळमळतं, ते आणखी खात नाही, आणि यकृत आणखी बिघडतं. जितकं मांजर जाड तितका धोका मोठा. माणसाचा उपास मांजराला लावायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

जिल्ह्याच्या गावी नेऊन तिच्या नाकातून बारीक नळी घातली. सहा दिवस ती नळी होती. मग घरी आणल्यावर पातळ केलेलं खाणं सिरिंजनं, दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. रात्रीचे दोनचे आणि पहाटेचे सासूबाईंनी घेतले. त्या ओट्याशी टॉवेलात गुंडाळलेल्या ठमीला मांडीवर घेऊन बसायच्या, आणि एका शब्दानं मला काही म्हणाल्या नाहीत. तेविसाव्या दिवशी ठमी स्वतः वाटीपाशी गेली आणि चिकनचा एक तुकडा उचलला. आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या होतो. कुणी काही बोललं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मांजर चोवीस तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा, वाट बघू नका. घरातली तापाची पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, एका गोळीनं मांजर जातं. बोका मातीच्या डब्यात नुसता कुंथत बसला आणि लघवी होत नसेल तर त्याच दिवशी धावा. नवीन खाणं आणलं की जुन्यात चमचा-चमचा मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. आणि वजन उतरवायचं तर डॉक्टरांच्या सांगण्यानं, आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आतच.

वजन घरी बघणं सोपं आहे. मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी. काटा नसेल तर बरगड्यांवरून हात फिरवा. हाताची मूठ वळून बोटांच्या सांध्यांवरून दुसरं बोट फिरवल्यावर जशी हाडं लागतात तशा टोचल्या तर मांजर रोड. पालथ्या पंजावरून फिरवल्यासारख्या हलक्या लागल्या तर बरोबर. आणि शोधाव्याच लागल्या तर समजा.

ठमी आज चार किलो आठशे आहे. त्याला सव्वा वर्ष लागलं. फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, त्यावर चार रकाने. जो कुणी तिला घालेल त्यानं तिथे फुली मारायची. चार फुल्या झाल्या की वाटी पालथी. काकूंनाही एक रकाना हवा होता, म्हणून संध्याकाळचा भाग आता त्यांच्याकडे असतो. मोजलेली डबी मीच देऊन येते.

परवा मात्र कागदावर पाचवी फुली दिसली, शाईच्या पेननं, जरा थरथरती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या निवडणाच्या ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, ‘‘चमचाभरच होतं गं. गायीचं.’’