दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा

कृषिपंपाला तीन फेजची वीज एक तर दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात या वेळापत्रकाचा अर्थ बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठी कळतो. २०१४ साली घोषित झाला तेव्हा हा प्रकल्प अवघा १३८ चौरस किलोमीटरचा होता. रात्रीची लाइन आली की काठच्या वावरात बॅटरी घेऊन ओलिताला निघायचे. हरभऱ्यात पाणी फिरले का ते वाकून पाहताना पाठीमागे काय आहे, ते दिसत नाही.

मार्च २०२४ अखेर राज्यात ४७.४१ लाख कृषिपंप ग्राहक होते. त्यांचा वार्षिक वापर ३९,२४६ दशलक्ष युनिट, म्हणजे राज्याच्या विजेचा जवळपास ३० टक्के. ग्रिडच्या युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हिशेब पावणेतीन कोटी टनांवर जातो.

पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने मात्र रात्रीच्या विजेच्या या प्रश्नाला खर्चाच्या बाजूने हात घातला. शेतीचे बरेच फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, गावठाणापासून आधीच वेगळे झालेले होते. मग उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून अख्खा फीडरच दिवसा का चालवू नये? पंपही बदलायला नको. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथे पहिले प्रयोग ठरले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने कुसुम योजनेत फीडरचे सौरीकरण घेतले. राज्याच्या योजनेच्या पुढच्या टप्प्यात ही सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळाली. शेतीला वीज पोचवायला साडेआठ रुपये पडतात, असे सरकारच सांगत होते. धोरण हलले ते या साडेपाच रुपयांनी. कार्बनची बचत वरकड.

पण ३९,२४६ हा आकडा पुरता मोजलेला नाही. लाखो पंपांना मीटरच नाही, त्यांचा वापर अंदाजाने मांडतात. पाया अंदाजाचा, म्हणजे वरचे पावणेतीन कोटी टनही अंदाजाचेच. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत. दिवसाची फुकट वीज आली की विहीर किती उपसली जाईल, हे सौर पॅनेलच्या हिशेबात कुठेच येत नाही. भरपूर पाणी मागणाऱ्या केळीसाठी एकेकाळी ओळखल्या जाणाऱ्या सेलूला तो हिशेब टाळून चालणार नाही.

महावितरणने फीडरनिहाय वापराचे महिनावार आकडे खुले करावेत आणि वर्धा-नागपूरच्या अभियांत्रिकी व कृषी महाविद्यालयांनी ते विहिरींच्या पातळीशी ताडून पाहावेत. सुरुवात सेलूच्या एका फीडरपासून करता येईल.