पंखाचें माप आणि पाखराचा मुक्काम

गोंदिया जिल्ह्यांतील दवनीवाड्याच्या शिवारांत भाताची कापणी सुरू होते, त्या सुमारास बांधावरच्या झुडपांत दोन इवलीं पाखरें किडे टिपतांना आढळतात. एक शिंपी, तो बारमाही रहिवासी. दुसरा हिरवट वटवट्या. त्याची वीण हिमालयांत व त्याहूनही उत्तरेस होते, तो इकडे केवळ हिवाळा काढतो. दोघांचेंही वजन 8 ग्रॅमांच्या आसपास. मग रहिवासी कोण व प्रवासी कोण, हें शरीराच्या मापांवरून सांगतां येईल काय?

बऱ्याच अंशीं येतें. मिटलेला पंख पुढच्या सांध्यापासून टोंकापर्यंत मोजला, तर शिंप्याचा सुमारें 5 सेंटिमीटर भरतो, वटवट्याचा सुमारें 6. शिवाय शिंप्याचा पंख गोलसर, तर वटवट्याचा निमुळता असतो. झुडपांत चटकन् उडावयास व वळावयास आंखूड, गोल पंख सोईचा; परंतु लांबच्या उड्डाणांत निमुळता पंख हवेचा विरोध कमी करून शक्ति वांचवितो.

मात्र नुसत्या लांबीवर विसंबूं नये. बारमाही राहणारा मोठा धोबी हा हिवाळी पाहुण्या पांढऱ्या धोब्याहून अंगानें थोर असतो; म्हणून पंखाचें माप देहाच्या मानानेंच पाहावें लागतें. तारवाली तर रहिवासी असूनही लांब, टोंकदार पंखांची. कारण ती उडतां उडतांच भक्ष्य पकडते. तेव्हां तुलना करावयाची ती सारख्या राहणीच्या पाखरांत. त्यांतही नर व मादी, पिल्लूं व प्रौढ, नवीं पिसें व झिजलेलीं पिसें यांनीं माप बदलतें. एका पाखरावरून निकाल देणें धोक्याचें.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखालीं 1959 सालीं पक्षिस्थलांतराचा मोठा अभ्यास आरंभिला. त्यांत पाखरांच्या पायांत क्रमांकाचीं कडीं घालून त्यांस सोडून देत. पंख प्रवासाची पात्रता सांगतो; प्रवास खरोखर घडला, याची साक्ष कडेंच देतें. परवान्यावांचून रानपाखरें धरण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. परंतु दुर्बिणींतून मिटलेला पंख न्याहाळतां येतो. आंतल्या पिसांच्या पलीकडे लांब पिसांचें टोंक किती पुढें येतें, तें पाहावें. वटवट्याचें टोंक ठळक दिसतें, शिंप्याचें जेमतेम.

हा भेद केवळ कुतूहलाचा नव्हे. कार्तिकांत बांधावरचें झुडूप तोडलें, तर शिंप्याचें घर जातें आणि वटवट्याची परतीच्या वाटेची शिदोरी.