द्राक्षमळ्यांतून विजेच्या सायकलीवर

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा एक जुना प्रांत आहे. त्या प्रांतातील बोन या लहानशा शहरापासून दक्षिणेकडील सांतने या गावापर्यंत द्राक्षमळ्यांच्या मधून एक सायकलमार्ग जातो. त्याची लांबी सुमारे २२ किलोमीटर आहे, आणि फ्रेंच लोक त्याला ‘व्वा दे व्हीन्य’, म्हणजे द्राक्षवेलींची वाट, असे म्हणतात. सकाळी बोनमध्ये भाड्याने सायकल घ्यावी, दिवसभर गावोगाव थांबत जावे आणि सायंकाळी परत यावे, असा हा एका दिवसाचा प्रवास. अलीकडे तेथे भाड्याने मिळणाऱ्या सायकलींत विजेचे साहाय्य असलेल्या सायकली पुष्कळ असतात. ही सायकल काय करते व काय करीत नाही, आणि तिच्यावर बसून हा मुलूख पाहण्यात विशेष ते काय, हे आज आपल्याला सांगावे असा विचार आहे.

प्रथम सायकलीविषयी. ही सायकल म्हणजे मोटारसायकलीची धाकटी बहीण नव्हे. तिला पिळून वेग वाढवावयाची मूठ नसते. आपण पॅडल मारले तरच तिची मोटर फिरते, आणि पाय थांबले की मोटरही थांबते. पॅडलवर पडणारा जोर मोजण्याची सोय चांगल्या सायकलीत असते, व त्या जोराच्या प्रमाणात ती आपल्या श्रमात भर घालते. युरोपातील नियमाप्रमाणे या मोटरची सततची शक्ती २५० वॅटहून अधिक असता कामा नये, आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की साहाय्य आपोआप बंद पडले पाहिजे. या मर्यादेत ती सायकलच गणली जाते. आपल्याकडेही विजेवर चालणाऱ्या लहान वाहनांना नोंदणीतून सूट देताना २५० वॅट व ताशी २५ किलोमीटर हेच आकडे धरले आहेत.

आता २५० वॅट म्हणजे किती? वर्गात मुलांना हे समजावून सांगताना मी नेहमी चढाचेच उदाहरण घेतो. मध्यम वयाचा, व्यायामाची फारशी सवय नसलेला मनुष्य बराच वेळ दमाने पॅडल मारीत राहिला तर साधारण १०० वॅट शक्ती लावू शकतो. स्वार आणि सायकल मिळून वजन १०० किलो धरू, आणि शंभर मीटर अंतरात सहा मीटर उंची गाठणारा चढ घेऊ. अशा चढावर त्या १०० वॅटांत ताशी पाच किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. म्हणजे पायी चालणारा मनुष्य शेजारून गप्पा मारीत येईल! त्यात मोटरने २०० वॅटांची भर घातली की तोच वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या पुढे जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, साठी उलटलेल्या जोडप्याला, किंवा तरुणांच्या बरोबरीने जाऊ पाहणाऱ्या एखाद्या बाईला हा फरक केवढा आहे, हे निराळे सांगावयास नको. बॅटरीचीही धास्ती नको. शंभर किलो वजन शंभर मीटर उंच नेण्यास, हिशेबाने, सुमारे २७ वॅट-तास ऊर्जा लागते. सर्वसाधारण बॅटरीत ४०० ते ५०० वॅट-तास साठविलेले असतात. मोटरमधील तूट, वारा आणि रस्त्याचे घर्षण धरूनही बोन ते सांतने जाऊन परत येण्यास, साहाय्य बेताने वापरल्यास, एक भरलेली बॅटरी पुरते.

हे झाले यंत्राचे. परंतु या मुलखात सायकलीला जे महत्त्व आहे ते श्रम वाचविण्यापुरते नाही. येथील सारे रहस्य चढात आहे, आणि चढ ही गोष्ट मोटारीच्या काचेआडून कधीच नीट कळत नाही.

दिजाँ शहरापासून सांतनेपर्यंत सुमारे ५० किलोमीटर लांबीची एक उतरण पसरलेली आहे. तिला ‘कोत दॉर’ म्हणतात. पश्चिमेस डोंगरमाथा, पूर्वेस सोन नदीचे सपाट मैदान, आणि मधे ही चिंचोळी उतरण. कित्येक ठिकाणी तिची रुंदी दोन किलोमीटरही भरत नाही. तिचे तोंड पूर्वेकडे व आग्नेयेकडे असल्याने सकाळचे ऊन सरळ वेलींवर पडते. खाली जुन्या काळच्या समुद्रतळाचा चुनखडी दगड आहे आणि त्यावर कमीअधिक जाडीची चिकणमाती. माथ्याजवळ माती फार पातळ आणि हवा गार. पायथ्याशी माती खोल, पाणी साचणारी. तेथे वेल माजते, द्राक्षे उदंड येतात, पण त्यांचा रस पातळ निघतो. उतरणीच्या मध्यभागी मात्र पाणी निचरून जाते, मुळे दगडाच्या भेगांत खोल शिरतात, आणि वसंतातले दहिवर खालच्या सखल भागाइतके तेथे साचत नाही. म्हणून सर्वांत नावाजलेले मळे या मधल्या पट्ट्यात आहेत.

फ्रेंच कायद्याने या भूमीच्या चार पायऱ्या केल्या आहेत. सर्वांत खाली केवळ प्रांताचे नाव लावणारी वाइन, तिच्यावर गावाचे नाव लावणारी, तिच्यावर ‘प्रमिए क्र्यू’, आणि सर्वांत वर ‘ग्राँ क्र्यू’. आपल्याला वाटेल, की हे दर्जे कारखान्यांना किंवा मालकांना दिलेले असतील. तसे नाही. ते जमिनीच्या तुकड्यांना दिलेले आहेत. अशा प्रत्येक नामांकित तुकड्याला ‘क्लीमा’ म्हणतात, आणि असे १२४७ क्लीमा मिळून हा प्रदेश २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. रस्त्याच्या एका बाजूस एक दर्जा आणि चार पावलांवर दुसरा, असा प्रकार येथे पदोपदी दिसतो. खालच्या सपाटीवर सायकल आपसूक धावते व मोटर जवळजवळ गप्प असते. मधल्या पट्ट्याकडे वळलो की पॅडल जड होते आणि मोटरचा बारीक आवाज ऐकू येऊ लागतो. वाइनच्या दरपत्रकातले आकडेही साधारण तेथेच चढू लागतात! नकाशा तासभर पाहून जे ध्यानात येत नाही ते पोटऱ्यांना पाच मिनिटांत उमगते.

या भेदाची परंपरा फार जुनी आहे. मिस्सेसाठी द्राक्षारस आवश्यक, त्यामुळे मध्ययुगातील मठांना द्राक्षमळे राखणे भागच होते. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनी बोनच्या उत्तरेस व्हूजो येथे मळा लावला व पुढे त्याभोवती दगडी भिंत बांधली. सुमारे ५० हेक्टरांचा तो मळा आजही भिंतीसह उभा आहे. मात्र फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, आणि नंतर सर्व अपत्यांना समान वाटा देणाऱ्या वारसा कायद्यामुळे तुकड्यांचे तुकडे पडत गेले. आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. भाऊबंदकीत शेताचे बांध वाढत जाणे आपल्याला नवे नाही. फरक एवढाच, की तेथे प्रत्येक तुकड्याची किंमत सोन्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष वाटेकडे येऊ. बोन सोडण्यापूर्वी तेथील जुने रुग्णालय पाहावे. बर्गंडीच्या ड्यूकचे चॅन्सेलर निकोला रोलँ व त्यांची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये ते गोरगरिबांसाठी स्थापिले. रंगीत कौलांच्या नक्षीचे त्याचे छप्पर प्रसिद्धच आहे. या वास्तूत १९७१ पर्यंत रुग्ण राहत असत. आता ती संग्रहालय आहे. दात्यांनी शतकानुशतके रुग्णालयाला द्राक्षमळे दान केले, ते आज सुमारे ६० हेक्टर भरतात. त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो. त्याचे उत्पन्न रुग्णसेवेसाठी जाते.

बोनहून निघाल्यावर पहिले गाव पोमार, आणि त्याच्या पुढे उतरणीवर थोडे उंच बसलेले व्होल्ने. या दोन्ही गावांच्या नावाने केवळ तांबडी वाइन होते, पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची. व्होल्नेच्या चढावर मोटरचे साहाय्य एक पायरी वाढवावे आणि वर जाऊन मागे वळून पाहावे. नाशिककडील मांडवावर चढविलेल्या वेली डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. येथील वेली कमरेएवढ्या, मीटरभर अंतरावरच्या सरळ ओळींत छाटून ठेवलेल्या असतात. त्यांच्यात काम करणारा ट्रॅक्टरही विचित्र, उंच पायांचा. वेलींची ओळ त्याच्या पोटाखालून निघून जाते. त्याला नेहमी वाट द्यावी. ही वाट पर्यटकांच्या सोयीची असली तरी भोवतालची जागा शेतकऱ्यांची कामाची आहे. तिथे ओळींत शिरणे किंवा घडाला हात लावणे हा उर्मटपणाच होय.

पुढे मर्सो लागते. येथून पांढऱ्या वाइनचा, म्हणजे शार्दोने द्राक्षाचा, मुलूख सुरू होतो. त्यानंतर प्युलिन्यी आणि शासान्य. या दोन गावांच्या शिवेवर मोंराशे नावाचा सुमारे आठ हेक्टरांचा मळा आहे, आणि दोन्ही गावांनी त्याचे नाव आपल्या नावास जोडून घेतले आहे. जगातील अत्यंत महाग पांढऱ्या वाइनपैकी एक या आठ हेक्टरांतून येते. पाहावयास जाल तर साधी दगडी भिंत आणि वेली; भपका काही नाही. मला तरी हे फार आवडते.

आता थोडे नाजूक विषयाकडे. गावोगावच्या तळघरांत वाइन चाखण्याची सोय असते. समजा, पाच ठिकाणी थांबलो, प्रत्येक ठिकाणी चार प्याले पुढे आले, आणि प्रत्येकात ३० मिलिलिटर वाइन असली, तर दिवसाकाठी ६०० मिलिलिटर होतात. पूर्ण बाटली ७५० मिलिलिटरची असते! फ्रान्समध्ये रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, व ती सायकलस्वारालाही लागू आहे. विजेच्या सायकलीचा धोका तर साध्या सायकलीहून अधिक समजावा. साध्या सायकलीवर पाय जड झाले म्हणजे शरीर आपणहून थांबावयास सांगते. येथे मोटर तो इशारा झाकून टाकते. मनुष्य सुस्तावला तरी सायकल ताज्या दमाने धावत राहते. त्यातच ती वीस-पंचवीस किलो वजनाची, त्यामुळे उतारावर ब्रेक आधीपासून व दोन्ही हातांनी लावावा लागतो. तेवढी सावधता पाच प्याल्यांनंतर उरत नाही.

यावर तेथील जाणकारांचा उपाय आपल्याला चमत्कारिक वाटेल. ते वाइन तोंडात घेतात, जिभेवर खेळवितात आणि पिकदाणीत थुंकून टाकतात. चाखावयाच्या जागी अशी पिकदाणी ठेवलेलीच असते. आपल्या घरांतून आजोबांच्या पिढीबरोबर पिकदाणी गेली. तेथे ती सभ्यतेची खूण आहे. चांगली वाइन थुंकून टाकल्याने यजमानाचा अपमान होत नाही. उलट, हा गृहस्थ खरोखर परीक्षा करावयास आला आहे, असे त्याला वाटते. दिवसभरात दोनच ठिकाणी चाखावे, तेही वेळ आधी ठरवून, कारण दुपारी बारा ते दोन बहुतेक दारे बंद असतात आणि रविवारी तर पुष्कळ. ज्यांना मद्य मुळीच वर्ज्य आहे त्यांनीही ही वाट टाळण्याचे कारण नाही. उतरण, भिंती, कौले आणि वेली यांना प्याला लागत नाही.

ऋतूचेही एक सांगितले पाहिजे. नाशिकच्या वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या सुमारास खुडली जातात; बर्गंडीत तोडणी शरदाच्या तोंडाशी होते. बोन येथील तोडणीच्या तारखा १३५४ पासून संशोधकांनी जुळविल्या आहेत. सहा शतकांहून अधिक काळच्या या नोंदींत एक गोष्ट स्पष्ट दिसते: १९८८ पासूनची तोडणी पूर्वीच्या सरासरीहून सुमारे तेरा दिवस लवकर होत आली आहे. एकेकाळी सप्टेंबरच्या अखेरीस येणारी लगबग आता महिन्याच्या मध्यावर, क्वचित ऑगस्टातही, दिसते. कळ्या लवकर फुटू लागल्याने उशिराच्या थंडीचे भयही मोठे झाले आहे. एप्रिल २०२१ मध्ये पडलेल्या कडाक्यात शेतकऱ्यांनी रात्रभर मळ्यांत मेणाच्या शेगड्या पेटवून ठेविल्या, तरीही पीक फार बुडाले. ज्या सखल जागी थंड हवा साचते त्या जागा सायकलीवरून जाताना पहाटे अंगाला बोचतात. मे-जून व सप्टेंबर हे महिने या प्रवासास उत्तम. परंतु तोडणीच्या दिवसांत वाटेवर गाड्यांची वर्दळ असते हे ध्यानात ठेवावे.

सांतनेला पोहोचल्यावर परतीचे दोन मार्ग आहेत. आलेल्या वाटेने परत फिरल्यास एकूण अंतर ४४ किलोमीटरच्या घरात जाते. दमलेल्यांनी मात्र तेथून जवळच्या शान्यी गावी जावे. तेथून बोनला आगगाडी मिळते, आणि प्रांतिक गाड्यांत सायकल चढवू देतात. बॅटरी उतरली तरी सायकल चालतेच, फक्त ती जड लागते. निघताना दुकानदाराकडून कुलपाची किल्ली मागून घ्यावी आणि दुकान बंद होण्याची वेळ विचारून ठेवावी.