सोडण्याची किंमत

आपल्या भाषेने बळाचा सगळा मान आवळण्याला दिला आहे. माणूस मूठ आवळतो, कंबर कसतो, दातओठ खातो, तेव्हा तो काहीतरी करतो आहे असे आपण समजतो. उलट हात सैल पडले, अंग गळाले, पकड सुटली, की तो हरला. आवळणे म्हणजे मेहनत आणि सोडणे म्हणजे विश्रांती, असा आपला पिढीजात हिशेब. स्नायूच्या आत डोकावून पाहिले तर मात्र हा हिशेब उलटा पडतो. तिथे रोख मोजावी लागते ती सोडण्यासाठी.

मी शास्त्रज्ञ नव्हे. उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण साठी उलटली की स्वतःच्या मांड्या-पोटऱ्यांकडे लक्ष जाऊ लागते आणि वाचनही त्याच वाटेला वळते.

आपल्या हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येक स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. केसाइतका किंवा त्याहूनही बारीक असा एकेक तंतू ही एकच पेशी; पण ती वीतभर लांब असू शकते आणि तिच्यात एकाऐवजी शेकडो केंद्रके असतात. तंतूच्या आत आणखी बारीक तंतुके, आणि प्रत्येक तंतुकात चाळीसारख्या ओळीने खोल्या. एकेक खोली मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम अडीचपट. म्हणजे सेंटिमीटरभर लांबीत सुमारे ४,००० खोल्या! शास्त्रज्ञ या खोलीला सार्कोमिअर म्हणतात. तिच्या दोन्ही भिंतींपासून आत बारीक दोरे आलेले असतात, ते अॅक्टिन या प्रथिनाचे. मधोमध मायोसिनचे जाड दोरे, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी फुटलेली शेकडो इवली डोकी.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हंगेरीतल्या सेगेड या गावी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी स्नायूवर काम करत होते. १९३७ चे नोबेल पारितोषिक तोवर त्यांच्या पदरी पडले होते. त्यांचे सहकारी श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये अॅक्टिन वेगळे काढले. या दोन प्रथिनांचा धागा करून त्यावर एटीपी नावाचे रसायन सोडले, आणि काचेवरचा तो निर्जीव धागा आखडला. आयुष्यातला हा बहुधा सर्वांत थरारक अनुभव होता, असे सेंट-ग्यॉर्गींनी पुढे नमूद केले आहे.

पण धागा आखडतो कसा? प्रथिनेच वळ्या पडून आखूड होत असावीत, असा समज होता. २२ मे १९५४ च्या 'नेचर' साप्ताहिकात लागोपाठ दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन या विदुषींचा. गंमत म्हणजे या दोन हक्सलींचे आपसात काही नाते नव्हते. अँड्र्यू हे कादंबरीकार अल्डस हक्सलींचे सावत्र भाऊ, ही माझ्यासारख्याच्या जिव्हाळ्याची माहिती. निबंध वेगळे, निष्कर्ष एकच. दोरे आखूड होतच नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात आणि खोलीच्या भिंती जवळ येतात.

आडातून पोहरा शेंदणारी बाई आठवा. एक हात दोर ओढतो, मग सुटतो, पुढे जाऊन पुन्हा धरतो. मायोसिनची डोकी हेच करतात. मज्जातंतूकडून निरोप आला, की पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटते. त्यामुळे अॅक्टिनवरचे पकडीचे ठिकाण झाकून बसलेले प्रथिन बाजूला सरते. डोके तिथे चिकटते, कलते आणि दोरा ओढते. ही ओढ मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. पुढची ओढ घ्यायची तर आधी पकड सुटायला हवी, आणि ती सोडवायला एटीपीचा नवा रेणूच यावा लागतो. तो आला की डोके सुटते, आणि तो फुटला की डोके पुढच्या ओढीसाठी सज्ज होते. काम थांबवायचे तरी खर्च आहेच. कॅल्शियम पुन्हा कोठारात भरणारे पंपही एटीपीवरच चालतात.

ही रोकड फार साठवता येत नाही. जोराच्या कामात गल्ल्यातले एटीपी काही सेकंदांचेच. मग क्रिएटिन फॉस्फेट, मग साखर, मग चरबी, अशा ठेवी मोडत नवे एटीपी घडवत राहावे लागते.

ते घडणे थांबले की काय होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. घरात माणूस गेले की जाणती मंडळी लगबगीने त्याचे हातपाय सरळ करतात, कारण काही तासांत अंग ताठते. तो ताठरपणा जोर नव्हे. चिकटलेल्या डोक्यांना सुटण्यापुरतीही शिल्लक उरलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे प्रथिनेच झिजू लागतात, तेव्हा कुठे तो उतरतो. हे वाचल्यापासून सैल पडलेल्या हाताकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. सैलपणा ही जिवंतपणाची कमाई आहे.

माझी थोरली बहीण, आक्का, ८२ व्या वर्षी न्हाणीघरात घसरली. सहा आठवडे अंथरुणाला खिळली. हाड जुळले, पण पोटरी हाताच्या पकडीत मावेल इतकी उतरली. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय ठरते, पण त्यातली रक्कम कुठे जात नाही. स्नायूच्या खात्यात मात्र व्यवहार थांबला की शिल्लकच घटू लागते, आणि म्हातारपणी तर झपाट्याने. 'आता माझं काय राहिलंय,' आक्का म्हणायची.

पण काही राहिलेले असते. अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या १० जणांना त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वयाबरोबर गेलेले तंतू परत येत नाहीत; पण उरलेले तंतू नव्वदीतही जाड होऊ शकतात.

आक्काला व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एवढेच सांगितले, 'आजी, खुर्चीतून दहा वेळा उठायचं. आणि बसताना धपकन नाही, सावकाश बसायचं.' बसतानाही मांडीचा स्नायू ताण धरून हळूहळू लांब होत असतो, तेही कामच. पहिल्या दिवशी दोनदा जमले. दिवाळीपर्यंत दहा झाले. आता ती मोजत नाही, पण बसते मात्र सावकाश.